सूतगिरणीतला सुरक्षित कंप्यूटर

परवा टाय लावलेला एक पोरगा आम्हाला सायबर सिक्युरिटी शिकवत होता. मला आमच्या गिरणीतला कंप्यूटर आठवला. असले किस्से डोक्यातनं डिलीट होत नाहीत राव, एक आठवला की मागचे आपोआप उघडतात!

नव्वदच्या दशकात मी हातकणंगल्याकडं एका सहकारी सूतगिरणीत कंप्यूटर ऑपरेटर म्हणून लागलो. सभासदांची सगळी माहिती त्या एका मशीनमध्ये. चेअरमन अण्णांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "यातलं अक्षर जरी विरोधी गटाला कळलं, तर तुम्ही घरी!" माझं नुकतंच लग्न झालेलं. मी मान डोलावली.

* * *

कंप्यूटरला व्हायरस होतो, असं अण्णांनी कुठंतरी वाचलं. लगेच हुकूम, चपला बाहेर! दारात शिवाप्पा वॉचमन बसवला. आठवड्यात अण्णांचाच नवाकोरा कोल्हापुरी जोड गायब! अण्णा अनवाणी थयथयाट करतायत, शिवाप्पा थंड.

"मला कंप्यूटर राखायला सांगितलतं. चपलांचं कोण बोललं न्हाई की!"

* * *

खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा. मी म्हटलं, कंप्यूटरला लांबनंच नमस्कार करा. अण्णा भडकले, "यंत्राला देवाचं वावडं असतंय व्हय?" फ्लॉपीच्या फटीत हळदकुंकू, कीबोर्डवर नारळाचं पाणी! दसरा गेला तरी मशीन सुरू होईना.

अण्णा खूश. "बघा, आता कुणाला तरी उघडतोय का!"

* * *

एकदा मी जेवायला गेलतो. परत येतोय तर मॉनिटर गायब! कुणी अनोळखी माणूस सर्व्हिसिंगचं नाव सांगून घेऊन गेलेला. शिवाप्पाला म्हटलं, "अडवलं का न्हाईस?"

"अडवतोय कशाला? पावण्याला एकट्याला उचलंना. चहा पाजला आणि रिक्षापतूर मीच हात लावला!"

अण्णा म्हणाले, "टीव्हीच गेला न्हवं? खोकं हाय न्हवं? मग माहिती सुखरूप हाय." दुर्दैव असं, की त्यांचं बरोबर होतं.

* * *

दोन हजार साल उलटलं, इंटरनेट आलं, गिरणीची निवडणूक तोंडावर आली. मी म्हटलं, "अण्णा, पासवर्ड टाकूया. फक्त तुम्हाला आणि मला माहीत."

"एकट्यानं ठरवायला ही काय माझ्या बापाची गिरणी हाय? सहकार हाय हा!"

संचालक मंडळाची मीटिंग लागली. सूचक, अनुमोदक, सगळे हात वर. पासवर्ड सर्वानुमते मंजूर! जाताना अण्णांनी मला परत बजावलं, "फुटला तर नोकरी गेली समजा."

आणि मग वार्षिक अहवाल छापून आला. वर्षभराचे सगळे ठराव छापायची पद्धत, त्यात हाही ठराव. पासवर्ड ठळक टायपात! अहवाल सभासदांच्या घरोघर पोचला. बायकोला म्हटलं, "तुझ्या मामांच्या गुऱ्हाळावर काही काम हाय का विचार."

वार्षिक सभेत विरोधी गटाचे बापू अहवाल फडकवत उठले. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला.

"अध्यक्षमहाराज, माझी हरकत हाय! हा पासवर्ड आम्हाला विश्वासात न घेता ठरवलाय. आमच्या गटाचं एक बी अक्षर न्हाई त्यात!"

अण्णांनी माईक ओढला. "बापू, रागावू नका. शेवटची दोन अक्षरं तुमची घेऊ. सांगा, कुठली घालायची?"

बापूंनी माईकवरनं सांगितली.

"दुरुस्तीसह मंजूर?"

सगळा मंडप ओरडला, "मंजूर! मंजूर!"