डिकीवरचं गाऱ्हाणं

परवा शोरूममध्ये कुणीतरी गाडीच्या पत्र्याला ड्रिल लावलं आणि जळक्या रंगाचा वास आला. क्षणभर मी डिचोलीत, दादाच्या गॅरेजात उभी होते. गोवा राज्य झालं तो सुमार. दादाच्याच कमाईवर मी कॉलेजात शिकत होते.

खाणमालकाच्या मुलाने लाल स्पोर्ट्स कार आणली होती आणि तिच्या डिकीवर बसवायला कंपनीचाच स्पॉयलर, म्हणजे वाऱ्यासाठीचा आडवा पंख. कोऱ्या पत्र्याला भोक पाडण्याआधी दादाने नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घातलं, "ही गाडी सदांच सुखरूप घरा येवं दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"बाब, तुमीय म्हणात," दादा त्या मुलाला म्हणाला.

"म्हज्या वांट्याचें तूंच म्हण रे!" तो हसला.

त्याच आठवड्यात लाटंबार्सेच्या वळणावर तो अपघातात गेला. गाडीचं तोंड चेपलं होतं, मागचा स्पॉयलर मात्र हललाही नव्हता. दादाला कुणी दोष दिला नाही. तरी पुढे कित्येक वर्षं तो मला विचारायचा, "तूं शिकलेली. त्या बाबान व्हय म्हणिल्लें जाल्यार तो वाचलो आसतो काय गे?"

"तशें कांय नासता रे दादा," मी म्हणायचे. पण ते सांगताना मी त्याच्याकडे कधीच पाहिलं नाही.