उघड्या दाराचं भाकीत

कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास आला की पिंपरीतल्या आमच्या कंपनी क्वार्टर्सची तापलेली गच्ची आठवते. माझं नवीनच लग्न झालं होतं. सोऱ्या दाबणं मला जमत नसे, म्हणून बायका कुरडया घालत आणि मी मासिकातली अंतराळयानाची कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्या दिवशी यानातून पळून गेलेल्या मुलीबद्दल तिथल्या म्हाताऱ्यानं भाकीत सांगितलं, "घर सोडून गेलेली परत येईल आणि हे दार कायमचं उघडं राहील." भाग तिथंच संपला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दार उघडं म्हणजे हवा जाणार, सगळे मरणार. पळून गेलेली पोर दुसरं काय आणणार?" मला वेगळाच अर्थ दिसत होता. यान हवा असलेल्या जमिनीवर उतरलं, तर दार लावायचंच कशाला? पण मीही घर सोडूनच लग्न केलं होतं, आणि ते तिथं फक्त सासूबाईंना ठाऊक होतं. त्याच आठवड्यात माहेरहून, मोशीहून, माझा भाऊ येऊन सांगून गेला होता, "आई म्हणती, येकदा येऊन जा." मी मासिकात मान घालून म्हणाले, "हो काकू, तसंच असणार." सासूबाईंचा सोऱ्यावरचा हात थांबला. पुढच्या अंकात यान हिरव्या जमिनीवर उतरलं आणि काकूच सगळ्यांत जास्त खूश झाल्या. मी मोशीला गेले नाही. आता आई नाही. दार उघडं असल्याचा निरोप मला घरपोच मिळाला होता, आणि मी अर्थ काकूंचा धरून बसले.