ताप बघणारे सुभेदारमामा

सांगलीत मी टिकले ती सुभेदारमामांमुळे. काय घडलं ते नंतर सांगते, नाव आधी घेते. मामा मूळचे कडेगावचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले, माझ्या आत्याचे शेजारी. तोफांनी त्यांचे कान नेले होते, म्हणून जगाची चौकशी ते तळहातानं करत. कपबशी, स्कूटरचं इंजिन, म्हशीची पाठ, कशावरही हात ठेवायचे आणि निकाल द्यायचे : "ताप हाय" नाहीतर "ताप न्हाई".

सातवीनंतर माझी वडूजची शाळा सुटली आणि मी सांगलीला आत्याकडे आले. मामांनी लेकीसाठी घेतलेला संगणक, ती सासरी गेल्यापासून विणलेल्या रुमालाखाली झाकलेला होता. "बस की त्याच्यापुढं. खातंय व्हय तुला?" मामा म्हणाले. त्यावर मी मराठी टायपिंग शिकले. एका छापखानेवाल्यांनी लग्नपत्रिकांचं काम देऊन मला पारखायचं ठरवलं. पत्रिका वेळेत झाल्या तर नोकरी, नाहीतर वडूजची एसटी.

एप्रिल होता. दुपारी संगणक मधेच हँग व्हायचा आणि वधूवरांसकट, आजीआजोबांसकट सगळी पत्रिका जायची. मामांनी संगणकाच्या पत्र्यावर हात ठेवला. "ताप हाय गं. लय ताप हाय."

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी मोडीत निघालेल्या सर्व्हरचे, म्हणजे कंपन्यांतल्या मोठ्या संगणकाचे, दोन पंखे आणले. तळहाताएवढे, पण अंगानं जाड. एक पुढं बसवला, एक मागं. बटण दाबलं आणि टेबलावरचे कागद उडाले. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवं, गिरणी घातलीया का घरात?"

मामांनी मला विचारलं, "का गं? चालू झालं का?"

चालू झालं, पण तासाभरात पुन्हा हँग. एवढा वारा जातो कुठं? मी दोन्हीकडं हात धरून पाहिला. दोन्ही पंखे आतच फुंकत होते. मी ओरडून सांगितलं, "मामा, वारं पडल्यावर आमी उफणताना सुपानं वारा घालतो. दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, तर भुसा जागच्या जागी फिरतो. बाहेर पडत न्हाई."

मामा तडक देवघरातून उदबत्ती घेऊन आले. पुढं धरली. धूर आत गेला आणि तिथंच घुटमळून फटींतून वर आला. "दोनी तोफा एकमेकींवरच लावल्या की म्या!" म्हणत ते पोट धरून हसले. मागचा पंखा उलटा करून बसवला. आता धूर पुढून आत गेला आणि मागून सुसाट निघाला तो थेट मामींच्या तोंडावर.

"देवाची उदबत्ती मशीनला ओवाळताय?"

"ताप उतरवतोय," मामा म्हणाले.

पत्रिका झाल्या. त्या दिवसांत मामी रेडिओ कानाला चिकटवून ऐकत, पण पंखा बंद कर असं मला एकदाही म्हणाल्या नाहीत. छापखानेवाले आले, तेव्हा त्यांनाही ओरडूनच बोलावं लागलं. मामांनी त्यांना एवढंच सांगितलं, "पोरीला वारं कळतंय. ठिवून घ्या."

आता मी इंदूरच्या एका छापखान्यात मराठी मजकूर लावते. शेजारच्या खोलीत मोठी यंत्रं मामांच्या त्या पंख्यांसारखी दिवसभर घोंघावतात. इथली बोली अजून परकी वाटते, पण तो आवाज माहेरचा. आवाज जरा बदलला तरी मी उठते आणि यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून येते.

मामांना आता अजिबात ऐकू येत नाही, फोनवर मामीच बोलतात. एक दिवस मी त्या दोघांना इथं आणणार आहे. मामांचा हात धरून त्यातल्या एका यंत्रावर ठेवीन, आणि त्यांनी निकाल देईपर्यंत सोडणार नाही.