बिडाचा मासा

माझ्या चुलत सासऱ्यांनी आयुष्यात माणसांपेक्षा बिडाशी जास्त गप्पा मारल्या, हे मी पैजेवर सांगेन. नाशिकच्या खाली गोदावरीकाठी त्यांची भोईवाडी. तिथे घाटाच्या तोंडाशी माशाच्या आकाराची बिडाची दानपेटी होती. पूल बांधायला आलेल्या कुणा साहेबाने बुडालेल्यांच्या बायकापोरांसाठी बसवलेली. चुलत सासरे तिला रोज तेल लावत, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली ते सांगत, आणि तिच्याकडे पाठ केल्याशिवाय मासा खात नसत. "नात्यातलं हाय त्याच्या. बरं दिसतं का?" असं वर मलाच विचारत. मी पडलो शहरातला शाळामास्तर. हसू दाबता दाबता माझ्या नाकीनऊ येत.

एका बाबतीत मात्र त्यांना थट्टा खपत नसे. नाव पाण्यात घालण्याआधी प्रत्येकाने माशाच्या तोंडात पैसा टाकायचा आणि कान लावायचा. खण्ण वाजलं तर जायचं. नाही वाजलं, तर त्या दिवशी पाण्याला पायसुद्धा लावायचा नाही. "मामा, चिंधी अडकली आसंल आत," म्हणत त्यांचा सख्खा भाचा एकदा हसत हसत गेला. तिसऱ्या दिवशी त्याचं मुंडासं तेवढं जाळ्यात आलं. पेटी उघडून पाहिली, तर आत चिंधीबिंधी काही नव्हती. त्यानंतर आठ दिवस चुलत सासरे पेटीशी बोलले नाहीत. तेल मात्र लावत होते.

पस्तीस-छत्तीस सालच्या भादव्यात माझी बायको तिथे बाळंतपणाला गेली आणि दोन दिवस अडली. तिसऱ्या सकाळी सुईणीने हात टेकले. नर्सबाई राहायच्या पलीकडच्या तीरावर. नदी फुगलेली, आणि पुलावरून वळसा घालायचा तर दुपार उलटली असती. मी आणि चुलत सासरे घाटाकडे धावलो. मी पैसा टाकला, कान लावला. आवाज नाही. अहो, कापसावर पडावा तेवढासुद्धा नाही!

"तुम्ही हितंच थांबा, जावईबापू," ते म्हणाले. मग त्यांनी आपला पैसा टाकला. खण्ण!

"माझा वाजला बगा. आत्ता घिऊन येतो बाईला."

तासाभरात नर्सबाई दारात हजर. "म्हातारबाबांनी घाटावर उतरवलं. नाव बांधून येतो म्हणाले." मुलगी झाली, बायको वाचली. मी आनंदाने सांगायला घाटावर पळत गेलो, तर तिथे ना नाव, ना दोर, ना माणूस. नदीने त्यांना परत दिलंच नाही. फार मायेचा माणूस होता हो.

वाडीतले लोक अजून म्हणतात, मासा त्या एकाच दिवशी खोटं बोलला. मी मान हलवतो. मासा खोटं बोलला नव्हता. पैसा टाकताना त्यांनी हातातलं कडं पेटीवर आपटलं होतं. मी हातभर अंतरावर उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. एका शब्दाने मी त्यांना थांबवू शकलो असतो. पण घरातून बायकोचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मी गप्प राहिलो.