नीराबाईनं चढवलेलं घोंगडं

नीराबाई कोळीण कुणाच्या वाटेला जायची नाही, पण तिच्या वाटेत कुणी आलं तर त्याची धडगत नसे. एकदा त्या वाटेत मीच बसलो होतो, म्हणून सांगतो.

१९३१ साल. आमच्या नगरपालिकेला समुद्रकाठी बाग करायची होती. बाकं, कारंजं, झोपाळे, पोरांना हुतुतूचं मैदान. पैसा नव्हता. म्हणून कर्जरोखे काढायचे, घरपट्टी वाढवून ते फेडायचे, आणि त्याआधी घरपट्टी भरणाऱ्यांची मतं घ्यायची, असं ठरलं. मी पालिकेचा कारकून. खरं सांगतो, मलाही बाग हवी होती. माझ्या मुली गटाराकाठी खेळत.

पण बागेची जागा म्हणजे कोळीवाड्याचं खळं. तिथे दांड्यांवर बोंबील वाळत. नवरा बुडाल्यावर नीराबाईनं तिथल्या दोन दांड्यांवर आपल्या लेकाला, चंदरला, वाढवलं होतं. नकाशात त्या जागेवर 'पडीक' असं मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

कोळीवाडा एकजुटीनं विरोधात होता, आणि त्यांची मतं आमच्यापेक्षा थोडी जास्तच होती. तारीख लागली अठरा जानेवारी. कोळी चालतात तिथीवर. तारखेशी त्यांना काय करायचंय? शिवाय बामणांचं गाव शुभकार्य अवसेला धरणार नाही, याची त्यांना पक्की खात्री. पण अठराला नेमकी पौषातली अमावास्या होती. अमावास्येला उधाण, आणि उधाणाला सगळ्या होड्या भरतीओहोटीच्या ओढीवर लावायची डोल जाळी घेऊन खोल पाण्यात. अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं म्हणे. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही, आणि कधी तोंडही उघडलं नाही.

मतदान किनाऱ्यालगतच्या शाळेत होतं. घर तिच्या नावावर, म्हणून नीराबाईला मत होतं. दुपारी बाराला ती आली, अंगठा उठवला, चिठ्ठी पेटीत टाकली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"कवा बंद करनार?"

"पाचला."

"आन पान्यावर गेलेल्यांचा काय?"

"ते त्यांनी पाहावं," मी म्हणालो. मान वर न करता म्हणालो, याची लाज अजून वाटते.

ती गेली. तासाभरानं खिडकीतून पाहतो तर किनाऱ्यावरच्या डोलकाठीला काळं घोंगडं चढलेलं. कोळीवाड्यात कुणी दगावलं की ते घोंगडं चढतं. ते दिसलं की हातातलं काम टाकून होड्या परततात. आपल्याच घरातलं कोण गेलं असेल, हे किनाऱ्याला लागेपर्यंत कुणालाच कळत नाही.

ओहोटी लागली होती. चारच्या पुढे खाडीत होडी शिरत नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. बागेच्या बाजूचे लोक ओट्यावर पान खात बसले होते. अध्यक्ष दोनदा येऊन माझं घड्याळ पाहून गेले. चारला पहिली शिडं दिसली. होड्या गाळात रुतल्या, तशी माणसं मांडीभर चिखलातून धावत सुटली. मी जागेवरून उठलो. मला बाग हवी होती, तरी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

काठावर नीराबाई एकटी उभी होती.

"कोन गेला? आये, कोन गेला?" चंदर लांबूनच ओरडला.

"कोन न्हाय गेला. आपला खळा जातोय. पाचाच्या आत मत टाका, मंग मना काय बोलायचा ता बोला."

चंदरनं तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उचलतो. पण तो शाळेच्या दिशेनं पळाला, आणि त्याच्यामागे सगळे. दारात रांग लागली. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. माझं टेबल चिखलानं माखलं. पाचला दोन मिनिटं कमी असताना शेवटचा अंगठा उठला. बाग नऊ मतांनी पडली.

त्या संध्याकाळी कोळीवाड्यात कुणी नाचलं नाही. घाईत मागे सोडून आलेली दोन जाळी उधाणात वाहून गेली होती. त्यांतलं एक चंदरचं. शिवाय जित्या माणसांवर मरणाचं घोंगडं चढवलेलं. जमात बसली. भिकू पाटलानं निवाडा दिला, "नीराबाय, तू खळा राखलास. पन तुज्या मरनाला घोंगडा चढनार न्हाय."

"नको चढवू," ती म्हणाली आणि बोंबील उलटायला निघून गेली.

त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं ती जगली. मला रस्त्यात पाहिलं की म्हणे, "काय कारकून, पडीक जमिनीचे बोंबील नेतास का?" मी नेत असे. माझी बायको जास्त पैसे देऊ पाही, तर ती घेत नसे.

छत्तीस सालच्या मार्गशीर्षात ती गेली, सकाळी, खळ्यावरच. नेमकं उधाण होतं, चंदर पाण्यावर. घोंगडं पाटलाच्या घरात होतं, पण निवाडा म्हणजे निवाडा. खुद्द भिकूनंही त्याला हात लावला नाही. तो ओट्यावर डोकं धरून बसला होता. मी तिथेच होतो. आता लेकाची भेट होत नाही, म्हणून मी चडफडत होतो.

तेवढ्यात बायका उठल्या. एकमेकींशी न बोलता त्यांनी दांड्यांवरचे बोंबील उतरवायला सुरुवात केली. ओले, अर्धे सुकलेले, सगळे. दुपारपर्यंत खळं रिकामं झालं. हंगामात पाण्यावरून ते पांढरं दिसतं. तसं उघडं ते कुणी कधी पाहिलं नव्हतं.

होड्या परत फिरल्या. सगळ्यांत पुढे चंदरची होती.