अ‍ॅडमिनपुरतं बंद

माजलगावच्या दवाखान्यात वहिनींना बाळंतपणात तातडीनं रक्त लागलं. आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर रक्तदात्यांची नोंद होती, पण त्यांचे नंबर फक्त अ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्यांच्या पानावर, दिसत आणि ते पान काही केल्या उघडत नव्हतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी नुसता चडफडत होतो.

शेजारच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. तिनं पदराला बोटं पुसली आणि हात पुढं केला. "द्या इकडं दादा. पुण्यात हेच काम करते मी."

साइटला जोडलेली प्लगइन, म्हणजे जादा सोयी, बघून ती म्हणाली, "फोटो, जाहिराती, चॅट... हे सगळं अ‍ॅडमिनमधी कावून चालू ठेवलंय? लोकांना दिसू द्या. तुमाला इथं त्याचं काय काम हाय? त्याच्याच ओझ्यानं पान अडलंय."

नको ते एकेक प्लगइन निवडून तिनं अ‍ॅडमिनपुरतं बंद केलं. बाहेरची साइट तशीच राहिली आणि पान झटक्यात उघडलं. तलवाड्याचा एक दाता त्या दिवशी माजलगावातच होता. "निघालोच," तो फोनवर म्हणाला.

आभार मानायला मी वळलो, तेवढ्यात वॉर्डबॉय तिच्यापाशी आला. "ताई, कागद झाले. चला, मयत ताब्यात घ्या."

मी लॅपटॉप खाली ठेवला. "कोण गेलं?"

"मालक माझे. सकाळीच गेले," ती उठत म्हणाली. "तुमची धडपड बघवंना, दादा."

वहिनी आणि बाळ सुखरूप घरी आले. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.