सुभेदारांचा पितळी कंपास

टक्! कंपासचं झाकण मिटल्याचा तो आवाज अजून कानात आहे. तोफखान्यात मी कुक होतो. कणीक मळताना तो ऐकला, की समजायचं: आपण नेमके कुठे आहोत ते सुभेदारसाहेबांनी नकाशावर पक्कं केलं. आता नौपाड्यातल्या टपरीवर आम्ही तिघे रिटायर फौजी रोज सकाळी बसतो आणि साहेबांचे किस्से उष्ट्या कपांसारखे साचत जातात.

*

पहाडात असताना युनिटला सॅटेलाइटवरून जागा सांगणारी परदेशी डबी आलेली. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला नदीच्या मधोमध उभं केलं!

"बिघडली वाटतं," मेजरसाहेब म्हणाले.

"नाही सर," सुभेदारसाहेब म्हणाले. "सॅटेलाइट त्या परदेशी फौजेचे. नेमका आकडा ते स्वतःला ठेवतात, आपल्याला ढोबळ."

"अरे, पण ते आपले दोस्त ना?"

"म्हणून तर नदीत बुडवलंय, सर. नाहीतर समुद्रात बुडवलं असतं!"

मग साहेबांनी कंपास काढला. तीन खुणा शोधल्या, नकाशावर तीन रेघा ओढल्या; जिथे छेदल्या, तिथे आपण. टक्! काम झालं.

*

आमचा तिसरा, पेडणेकर, युनिटचा क्लार्क. परवा म्हणाला, "साहेब, आता आपलेही सॅटेलाइट आहेत. कंपास म्युझियमला द्या!"

"आहेत, त्याचा अभिमान आहे. पण तू स्कूटर घेतलीस तेव्हा पाय काढून ठेवलेस का?"

*

आंबिवलीच्या लग्नाला निघालो, तर पेडणेकरच्या मोबाइलने आम्हाला एका भिंतीसमोर नेऊन सोडलं. साहेबांनी काच खाली केली. "आचारी, नाक बाहेर काढ."

मी वास घेतला. "डावीकडे. मसालेभात."

पाच मिनिटांत मांडव!

*

साहेबांची मुलगी वैशाली जहाजावर सेकंड ऑफिसर. लहानपणी गच्चीवर साहेब तिला मंदिराचा कळस, पाण्याची टाकी आणि डोंगर धरून रेघा ओढायला लावायचे. ती रडायची.

मध्यंतरी ती आखातात होती. तिथे कुठलीशी फौज सॅटेलाइटचा सिग्नल बिघडवत होती, त्यात दोस्तांची जहाजंही सापडलेली. चार दिवस वैशालीचा फोन नाही. साहेब टपरीवर यायचे, चहा तसाच ठेवून जायचे.

काल ती स्वतःच टपरीवर आली.

"बाबा, स्क्रीनवर आमचं जहाज विमानतळावर उभं होतं! पुढे खडक. कॅप्टन म्हणाले, आता काय? मी कागदी नकाशा काढला. दीपगृह, टेकडी, टाकी. तीन रेघा."

साहेबांनी खिशातून कंपास काढला. उघडला, मिटला. टक्! तिच्या हातात ठेवला.

त्यांचं घर टपरीच्या डाव्या हाताला, चार पावलांवर. साहेब उठले, "घरी जातो" म्हणाले आणि उजवीकडे चालू लागले.